स्नेहसंमेलन दसऱ्याआधी घ्या: ऊसतोडीच्या गावांतल्या शाळांना खुले पत्र

प्रति,
सर्व मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्या,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बीड जिल्हा

सप्रेम नमस्कार,

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. शाळेचं वार्षिक स्नेहसंमेलन जानेवारी-फेब्रुवारीत घेऊ नका. ते दसऱ्याच्या आधी घ्या, आणि नाहीच जमलं तर गुढीपाडव्यानंतर घ्या. निम्म्या गावाच्या दारांना कुलपं असतात त्या महिन्यांत पालकांसाठी म्हणून कार्यक्रम ठेवायचा आणि मग पालक येत नाहीत म्हणायचं, हे आता थांबावं.

मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावची. लग्नानंतर काही हंगाम मीही कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. थोरली शाळेत जायला लागली तेव्हा घरात बरीच बोलाचाली होऊन मी गावी राहायचं ठरलं. मालक आणि धाकटे दीर अजून जातात. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक-सदस्य आहे, पण हे पत्र समितीचं नाही, माझं आहे.

आपल्या गावांचं वर्ष कसं चालतं हे तुम्हाला सांगायला नको. पोळा झाला की मुकादमाच्या, म्हणजे तोडणीला मजूर जमवणाऱ्याच्या, फेऱ्या वाढतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम ठरते. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर वेशीपाशी येऊन उभे राहतात. कुणी सातारा-सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी पुण्याच्या बाजूला, तर कुणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की माणसं परत येतात, ती होळी-पाडव्याच्या सुमाराला. या जाण्यायेण्याला गावानं आपलं सगळं जोडून घेतलं आहे. लग्नं निघतात ती चैत्र-वैशाखात. जत्रा भरते ती माणसं परतल्यावर. कितीतरी गावांत हरिनाम सप्ताहसुद्धा घरं भरलेली बघूनच बसवतात. घराचा पाया खणायचा, जावळ काढायचं, भावकीची वाटणी बसून मिटवायची, सगळं माणसं गावी असताना. एकटी शाळा तेवढी या हिशेबाच्या बाहेर राहिली.

शाळेचे कार्यक्रम एकदा ओळीनं मांडून बघा. १५ ऑगस्टची प्रभातफेरी आणि ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन आम्हाला सापडतो. पुढे १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि महिला मेळावा, २६ जानेवारी, स्नेहसंमेलन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. वर्षातले बहुतेक कार्यक्रम आमची माणसं फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, असताना होतात. जयंत्या आणि राष्ट्रीय सण हलवा असं मी म्हणत नाही, ते ज्या दिवशी आहेत त्या दिवशीच व्हावेत. पण स्नेहसंमेलनाला तिथी नाही. बाल आनंद मेळाव्याला नाही, पालकसभेला नाही. ते थंडीत घ्यायचे ही शहरातल्या शाळांची सोय आहे. तिथले आईवडील जानेवारीतही घरीच असतात.

दुसरी एक तारीख तुम्ही कधीच चुकवत नाही, ती ३० सप्टेंबर. त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता ठरते, शिक्षकांची पदं ठरतात. त्यासाठी सर घरोघर फिरतात, एकही मूल वाडीवस्तीवर राहू देत नाहीत, आणि त्या आठवड्यात शाळा खरोखर गच्च भरलेली असते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पद टिकलं तर आमच्याच पोरांना शिक्षक राहतो. मी एवढंच म्हणते की आमचं मूल आणि त्याचे आईवडील दोघंही ज्या दिवसांत गावात असतात ते दिवस शाळेला पक्के ठाऊक आहेत. मग मंडप त्याच दिवसांत घाला.

तारीख चुकली की काय होतं ते सांगते, कारण मंचावरून ते दिसत नाही. स्नेहसंमेलनाची गाणी-नाटकं बसवायला सुरुवात होते तेव्हा मुलांना प्रश्न जातो, "तू जाणार का राहणार?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. मूल मध्येच गेलं तर नाच अर्धवट राहील, एवढाच विचार असतो. पण सहा-सात वर्षांच्या पोराला त्याचं उत्तर कुठून माहीत असणार? ते घरी येऊन विचारतं, आणि घरातही अजून काही ठरलेलं नसतं. आजी सांभाळते का, माणसं बाहेर असतात तेवढ्या महिन्यांपुरतं मुलांसाठी चालणारं वसतिगृह सुरू होतं का, धाकट्याला झोळीत कोण बघणार, यावर सगळं अवलंबून. दुसऱ्या दिवशी ते पोर शाळेत सांगतं, माहीत नाही. मग त्याला मागच्या ओळीत उभं करतात, किंवा घेतच नाहीत. वर्षानुवर्षं हे चालत आलं, आणि हळूहळू मंचावर गावात राहणाऱ्या घरांचीच मुलं दिसायला लागली. दुकानवाल्याची, नोकरदाराची, बागायतदाराची. त्या मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार अशी की मंचाच्या खाली बसलेल्या, आजीजवळ राहिलेल्या पोराला आपण या शाळेचे थोडे कमी आहोत असं वाटायला लागतं, आणि ते वाटणं पुढे सहावी-सातवीत शाळा सुटण्यापर्यंत जातं.

जे मूल राहतं आणि ज्याला नाचात घेतात त्याचंही ऐका. माझ्या जावेची मुलगी गेल्या हिवाळ्यात लेझीमच्या पथकात होती. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांच्या आया केस विंचरायला, गजरे माळायला आल्या होत्या. तिचे मी विंचरले. तिनं मला एकच विचारलं, "काकू, आईला कळवलंय का?" कळवलं होतं. तिच्या आईनं तोडणीच्या टोळीतल्या एका पोराच्या मोबाईलवर तो व्हिडिओ रात्री उशिरा, गाडी भरून झाल्यावर पाहिला. एका दिवसासाठी ती गावी येऊ शकली असती का? आली असती तर एसटीचं भाडं आणि वर खाडा, म्हणजे कामाचा दिवस बुडाला. कोयता म्हणजे जोडीचं काम, एक गेला की दुसऱ्याचाही दिवस बुडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात ते वेगळेच. पालकांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नाही, असं बैठकांत बोललं जातं तेव्हा मला हा हिशेब आठवतो. संत भगवानबाबांनी आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीला मुलं शिकवा म्हणून गावोगाव फिरून सांगितलं. आस्था तेव्हापासून आहे.

आता कायद्याचं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यायच्या आहेत. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा या समितीनं तयार करायचा आहे. कलम २४ शिक्षकाचं कर्तव्य सांगतं: पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती त्यांना सांगायची. आमच्यासारख्या गावात हे कागदावर कसं जमवतात ते सगळ्यांना माहीत आहे. टोळीला जाणारी बाई समितीत घेतात, कारण महिला हव्यात. ती ऑक्टोबरात जाते. आराखडा हिवाळ्यात होतो, ती तेव्हा फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत असते. रजिस्टरवर तिची सही मात्र असते, जायच्या आधी घेऊन ठेवलेली. अशा सहीनं तपासणी पार पडते. पण शाळेत मुलींच्या संडासाला पाणी नाही, हे जिला पहिल्यांदा सांगता आलं असतं तीच बाई त्या बैठकीत नसते.

याच कायद्यात पालकाची व्याख्या आहे, आणि ती आपल्या फार उपयोगाची आहे. ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे तो पालक. म्हणजे सहा महिने नातवंडांना करून घालणारी आजी पालक आहे. ती पालकसभेला येऊ शकते, समितीत निवडून येऊ शकते. किती शाळांनी आजीला सदस्य केलं आहे? सभेची चिठ्ठी मुलाच्या वहीत जाते, आजीला वाचता येत नाही. सभा सकाळी अकराला असते, तेव्हा आजी शेरडं घेऊन डोंगराला गेलेली असते. चुकून आलीच तर तिला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "तुमचा नातू वाचत नाही." ती काय करणार त्याला? ती खाली मान घालून ऐकते आणि पुढच्या वेळी येत नाही. तिला आधी चहा द्या. नातू शाळेत काय चांगलं करतो ते सांगा. रात्री तो किती वाजता झोपतो, जेवतो का, आईची आठवण काढून रडतो का, हे तिला विचारा. त्याचं वाचन का अडलं याचं उत्तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

माझ्या पाहण्यात एक चांगली गोष्ट घडली आहे, तीही सांगायला हवी. गेल्या नवरात्रात आमच्या शाळेनं पालकसभा रात्री आठला घेतली, जेवणं झाल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात. टोळ्या निघायला आठवडाभर होता. भाषण नाही, पाहुणा नाही. प्रत्येक मुलानं आपल्या आईवडिलांजवळ बसून आपली वही दाखवायची आणि पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं, एवढाच कार्यक्रम. सर आणि मॅडम बाजूला उभे होते, कुणी बोलावलं तरच जात होते. सुरुवातीला सगळे गप्प, बायका पदर सावरत बसलेल्या. मग एकदम सगळ्या व्हरांड्यात वाचनाचा आवाज भरला.

माझ्या शेजारी पाचवीतली एक मुलगी बापाला गणितं दाखवत होती. त्यानं वही बघितली, पानं उलटली आणि म्हणाला, हे ठीक, आता माझं एक घाल. तिनं फरशीवर खडू घेतला. तो सांगत गेला. उचल एक लाख. टनाला चारशे धर. आम्ही दोघं मिळून दिवसाला दोन टन. उचल फिटायला किती दिवस? तिनं एक लाखाला चारशेनं भागलं, अडली, शून्यं खोडली, पुन्हा केलं. अडीचशे टन. मग त्याचे निम्मे, एकशे पंचवीस दिवस. बाप तिच्या त्या आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यात खाडे धरले नाहीत. पावसानं फड बंद राहिला ते धरलं नाही." ती म्हणाली, "किती दिवस धरू?" मग दोघांचं पुढं चालूच राहिलं, दवाखाना, किराणा, मुकादमाचं कमिशन. आजूबाजूची चार माणसं सरकून तिथं आली. मॅडम मागं उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच गणित फळ्यावर घातलं.

पालकांचा सहभाग म्हणतात तो मी त्या रात्री पाहिला. त्या माणसाकडे शाळेला देण्यासारखं काही आहे हे तोवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. वजनकाट्याची पावती कशी वाचायची, मोळ्या मोजून टनाचा अंदाज कसा बांधायचा, गाडी कशी रचायची म्हणजे वळणावर कलत नाही, हे ज्ञान गावातल्या घराघरांत आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ३४ टक्के म्हणजे टनामागे किती रुपये, हे आपल्या मुलांना काढता आलं पाहिजे, कारण त्यांच्या घरात तो हिशेब कुणी दुसराच करतो आणि घरचे त्यावर अंगठा देतात. शाळेच्या कार्यक्रमात या बापाला एक तास द्या. आमच्या सासवांना जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांना मुलांसमोर बसवा. दोर वळणारे, बाज विणणारे, गुरांचं जाणणारे म्हातारे आहेत, त्यांना बोलवा. बाल आनंद मेळाव्यात मुलं भेळ आणि भाजी विकतात, ते छानच आहे, पण तिथं गिऱ्हाईक म्हणून त्यांच्या आया असल्या पाहिजेत. मग सुट्टे पैसे देताना पोरगं चुकलं तर आईच हसून म्हणेल, परत मोज.

कार्यक्रम कसा करायचा हे गावाला शिकवायची गरज नाही. सप्ताह बसतो तेव्हा बघा. सात दिवस अन्नदान चालतं आणि कुणाला फर्मान सोडावं लागत नाही. कुणाकडे कुठली पंगत, वाढायला कोण, पाण्याचं टँकर कोण आणणार, भांडी कोण घासणार, टाळकरी-विणेकरी कोण, रात्रीच्या जागराला कोण, सगळं एका वहीत लिहिलेलं असतं आणि प्रत्येक घराच्या वाट्याला काहीतरी येतं. तिथं नुसतं बसून बघणारा कुणी नसतो. शाळेच्या कार्यक्रमात मात्र गावानं फक्त दोन गोष्टी करायच्या, वर्गणी द्यायची आणि टाळ्या वाजवायच्या. ज्यांच्याकडे वर्गणीला पैसे नसतात ते टाळ्या वाजवायलाही येत नाहीत, त्यांना कानकोंडं होतं. पैशाऐवजी काम मागा. आमची माणसं कामाला कधी नाही म्हणत नाहीत.

आणि सत्कार कमी करा, ही हात जोडून विनंती. मुलं रंगलेल्या चेहऱ्यांनी मंचामागं ताटकळत उभी असतात आणि समोर शाल-श्रीफळ चाललेलं असतं. त्या वेळात अख्खा वर्ग नाचून होतो. भाड्याचे चमकते कपडे, मोठाले स्पीकर, बाहेरून आणलेला नाच शिकवणारा, हा खर्च तालुक्याच्या इंग्रजी शाळांशी बरोबरी करायला वाढत चालला आहे. पट टिकवायचा दबाव तुमच्यावर आहे हे मी समजू शकते. पण पालक आपलं मूल सरकारी शाळेत ठेवतो तो कपड्यांच्या चमकीमुळे ठेवत नाही. पोराला वाचता येतंय हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

टोळ्या गेल्यावरचे महिनेही मोकळे सोडू नका. फोन आता बहुतेकांच्या हाताशी आहेत, पण फडातला दिवस पहाटे अंधारात सुरू होतो आणि गाडी कधी भरायला येईल त्याचा नेम नसतो. त्यामुळे दुपारी बाराला लावलेला फोन उचलला जात नाही आणि आपण समजतो की पालकाला पडलेलं नाही. मुलाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, मिनिटभराचा, त्यानं वाचलेला एक उतारा. आई तो तिला सवड होईल तेव्हा ऐकेल, आणि कोपीत, तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, शेजारच्यांनाही ऐकवेल. मोबाईलच्या गटावर सूचना आणि शासनाची पत्रकं येतात ती येऊ द्या, पण त्यांच्या गर्दीत पोराचा आवाज हरवू नये.

हंगामी वसतिगृहाचंही याच कार्यक्रमात उरकता येईल. कोण मूल राहणार, कोणाकडे झोपणार, रात्री आजारी पडलं तर कुणाला उठवायचं, जेवण कोण करणार, ही यादी आईबापांच्या देखत, सगळ्या गावासमोर वाचली गेली तर निम्मी मुलं जायची थांबतील असं मला वाटतं. टोळी निघून गेल्यावर वसतिगृहाला मंजुरी आली तर तोवर मूल ट्रकमध्ये बसून गेलेलं असतं. जी मुलं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड त्याच संध्याकाळी, आईच्या हातात, ते कशासाठी आहे हे समजावून द्या. कार्ड ट्रंकेच्या तळाशी पडून राहतं, कारण तिकडच्या शाळेत ते दाखवायचं असतं हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

इथं कारखान्यांच्या भागातल्या, सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या शाळांनाही दोन शब्द. तुमच्या गावाच्या कडेला सहा महिने कोप्या असतात. त्यांतली काही मुलं तुमच्या वर्गात येऊन बसतात, बरीचशी येत नाहीत. तुमचं स्नेहसंमेलन याच दिवसांत असतं. त्या मुलांना गाण्यात घ्या, आणि एका संध्याकाळी कोप्यांवर जाऊन त्यांच्या आईबापांना बोलावून आणा. ते आपण होऊन येणार नाहीत. तुमच्या गावात त्यांना कामाशिवाय कुणी बोलावत नाही. कर्नाटकात गेलेल्या मुलांसमोर तर भाषाच वेगळी असते, तिथं हेही शक्य होत नाही.

तुमच्या अडचणी मला दिसतात. दसऱ्याच्या आधी परतीचा पाऊस असतो. खरं आहे, म्हणून मैदानात मंच नको, मंदिराचा सभामंडप घ्या, तो गावाचाच आहे. सोयाबीनची काढणी असते. म्हणून दिवसा नको, रात्री घ्या, नवरात्रात तशीही माणसं जागी असतात आणि देवीपुढं रोज काहीतरी चालू असतं. सत्र परीक्षा जवळ असते. म्हणून महिनाभर नाच बसवू नका. मुलं वर्गात जे शिकली तेच दाखवू द्या, त्याला वेगळी तयारी लागत नाही. क्रीडास्पर्धांच्या तारखा वरून येतात, त्या तुमच्या हातात नाहीत, हेही मला माहीत आहे.

पाडव्यानंतर काय होऊ शकतं याचा अनुभव तर तुमच्याच गाठीला आहे. २०२२ पासून एप्रिलमध्ये ‘पहिले पाऊल’चा शाळापूर्व तयारी मेळावा होतो. पहिलीत येणारं पोर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातं, उड्या मारतं, रंग ओळखतं, मोजतं, चित्रावरून गोष्ट सांगतं, आणि आई हातात कार्ड घेऊन त्याच्याबरोबर फिरते. या मेळाव्याला आया येतात. सांगून नाही, ओढून नाही, आपल्या आपण येतात, कारण त्या तेव्हा गावात असतात आणि तिथं त्यांना काहीतरी करायला मिळतं. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणून तुम्ही पाडव्याला दारोदार येता, तेव्हाही आम्ही घरीच असतो. दाखल करताना जी वेळ साधता तीच पुढेही साधा.

शिक्षणाधिकारी साहेब आणि गटशिक्षणाधिकारी साहेब, आपल्यापर्यंत हे पत्र पोचलं तर एवढं करा. स्थलांतर होणाऱ्या गावांतल्या शाळांना आपल्या कार्यक्रमांचा महिना स्वतः ठरवायची मोकळीक आहे, असं लेखी कळवा. मुख्याध्यापक वरच्या कागदाशिवाय पाऊल उचलायला कचरतात, आणि त्यांचंही चूक नाही. केंद्रप्रमुखांनी भेटीच्या वेळी फोटो किती काढले हे विचारण्याऐवजी टोळीला जाणारे किती पालक आले होते ते विचारावं.

समित्यांच्या पालक-सदस्यांनो, विशेषतः बायांनो, अध्यक्ष पालकांमधून होतो, बैठक दर महिन्याला घ्यायची असते, आणि विषय मांडायचा अधिकार तुमचा आहे. लिहायला अडचण नको म्हणून ठरावाचा मजकूर खाली देते. गावाप्रमाणे फरक करा, पण पोळ्याच्या आधी मंजूर करून घ्या. मुकादम एकदा दारात आला की कुणाचं लक्ष राहत नाही.

ठराव: आपल्या शाळेतील बहुसंख्य पालक ऊसतोडीसाठी दसऱ्यानंतर स्थलांतर करतात. त्यामुळे चालू वर्षापासून स्नेहसंमेलन, बाल आनंद मेळावा व मुख्य पालकसभा घटस्थापना ते दसरा या दिवसांत रात्री घ्यावी. जाणाऱ्या व राहणाऱ्या सर्व मुलांना कार्यक्रमात भाग द्यावा. त्याच वेळी हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची यादी वाचावी व जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यावे. शाळा विकास आराखड्यावरील पालकांच्या सूचना त्याच सभेत लिहून घ्याव्यात. पालक गावी नसतील त्या काळात मुलाचा सांभाळ करणारे आजी-आजोबा यांना पालक मानून प्रत्येक सभेचे निमंत्रण घरी जाऊन तोंडी द्यावे. कार्यक्रमासाठी सक्तीची वर्गणी घेऊ नये.

आपली,
एक पालक-सदस्य
बालाघाट, बीड जिल्हा